संततिनियमनाचा भार कोणाचा?

संततिनियमनाच्या इतिहासाकडे आपण बहुधा साधनांचा किंवा सरकारी योजनांचा इतिहास म्हणून पाहतो. परंतु त्यात आरंभापासूनच एक नैतिक प्रश्नही गुंतलेला आहे. नको असलेली गर्भधारणा टाळण्याची जबाबदारी कोणाची? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाला आपल्या देशात वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्या उत्तरांचा मागोवा घेतला, तर आजच्या आकड्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

या विषयाला मराठी समाजात वाचा फोडली ती महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव (१८८२–१९५३) यांनी. त्यांच्या मातोश्री राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात निवर्तल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. या कार्यापायी त्यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापकपद सोडावे लागले. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि अखेरपर्यंत चालवले. त्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागील भाषण आंबेडकरांनीच तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. रघुनाथरावांची भूमिका स्वच्छ होती. मूल हवे की नको हे दांपत्याने समजून उमजून ठरवावे, आणि त्यात जिच्या देहावर परिणाम होतो त्या स्त्रीचे मत आधी विचारात घ्यावे. स्वतः रघुनाथराव व मालतीबाई यांनी विचारपूर्वक अपत्य होऊ दिले नाही.

याच काळात दुसरे उत्तर महात्मा गांधी देत होते. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. अपत्यांची संख्या मर्यादित असावी याविषयी दोघांत मतभेद नव्हता, मार्गाविषयी होता. साधनांमुळे स्त्री-पुरुष बेफिकीर होतील, म्हणून संयम हाच उपाय, असे गांधीजींचे म्हणणे. संयमाचा तो मार्ग सामान्य संसाराला पेलणारा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. तरीही त्यांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. साधन हाती आले म्हणजे जबाबदारी संपली असे मानण्याची प्रवृत्ती पुढे खरोखरच बळावली.

वस्तुतः साधन आणि जबाबदारी यांची फारकत करता येत नाही. निरोध प्रत्येक वेळी अचूक वापरला, तर वर्षभरात शंभर जोडप्यांपैकी सुमारे दोघांच्या बाबतीत गर्भधारणा होते. प्रत्यक्ष व्यवहारातील वापरात तीच संख्या तेराच्या आसपास जाते. गोळ्यांचेही तसेच. नेमाने घेतल्यास अपयश शंभरात एकाहूनही कमी, व्यवहारात सुमारे सात. या दोन आकड्यांमधील तफावत रबराची किंवा औषधाची नव्हे. ती विसरभोळेपणाची, आळसाची आणि ‘एखाद्या वेळी काय होते’ या वृत्तीची आहे. तांबी व नसबंदी यांत माणसाच्या चुकीला वाव थोडा, म्हणून त्यांचा भरवसा अधिक. मात्र पुरुष नसबंदीनंतरही सुमारे तीन महिने अन्य साधन वापरावे लागते आणि नंतर तपासणी करून घ्यावी लागते. ही सूचना पाळली नाही की दोष शस्त्रक्रियेला दिला जातो, आणि कित्येकदा संशय पत्नीवर घेतला जातो.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. त्या काळी पुरुष मागे नव्हते. केरळात एर्नाकुलम येथे जुलै १९७१ मध्ये भरलेल्या शिबिरात ६३ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. रोख रक्कम व भेटवस्तूंचे प्रलोभन होते हे खरे, पण पुरुष ही शस्त्रक्रिया करून घेतच नाही ही समजूत त्याने खोटी पाडली. नंतर आणीबाणी आली. १९७६–७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. सक्तीने लादलेली जबाबदारी ही जबाबदारी राहत नाही, ती शिक्षा होते. पुढच्याच वर्षी एकूण संख्या दहा लाखांच्या आत आली आणि पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेर पडला.

त्याची जागा स्त्रीने घेतली. शासकीय सेवेच्या माझ्या पहिल्या दशकात ‘लक्ष्य’ हा शब्द दरवर्षी मार्च जवळ आला की कचेऱ्यांतून घुमू लागे. पटवारी, शिक्षक, ग्रामसेवक सारेच ‘केसेस’ शोधत हिंडत, आणि त्या केसेस म्हणजे जवळजवळ सर्व स्त्रियाच असत. पतीला विचारावे हे कोणाच्या ध्यानीही येत नसे. एप्रिल १९९६ पासून ती लक्ष्ये रद्द झाली, पण घडी बदलली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील तेरा दगावल्या. अखेर सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

कायद्याने मात्र साधनांची मर्यादा ओळखली आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने साधन अयशस्वी ठरल्यास विवाहितेला गर्भपाताची मुभा दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री’ व ‘पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री’ व ‘जोडीदार’ हे शब्द आले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नसबंदीनंतर गर्भ राहिला एवढ्यावरून वैद्याचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, कारण कोणतीही पद्धत शंभर टक्के खात्रीची नाही.

आजची स्थिती काय? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार विवाहित स्त्रियांमध्ये नसबंदी झालेल्यांचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पतीची नसबंदी झालेल्यांचे अवघे ०.३ टक्के आहे. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण आत घालावी लागते. पुरुषाची शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन काही मिनिटांत होते आणि तो त्याच दिवशी घरी जातो. तरीही हा विपरीत हिशेब. त्याच सर्वेक्षणात सुमारे ३५ टक्के पुरुषांनी गर्भनिरोध हे बायकांचे काम असल्याचे मान्य केले.

हे आकडे केवळ खेड्यापाड्यांतील अशिक्षितांचे आहेत अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या सुशिक्षित मराठी घरांतही दोन मुलांनंतर दवाखान्यात कोण गेले, हे प्रत्येकाने आपापल्या मागच्या पिढीत पाहावे. आपण मुलीला सावधपणे वागायला शिकवतो; मुलाला या बाबतीत काहीच सांगत नाही. रघुनाथरावांनी नोकरी गमावून आणि खटले सोसून जे मराठीत छापले, ते आज उघडपणे बोलण्यास कोणाची आडकाठी नाही. घरातील वडीलधाऱ्या पुरुषांनी ते आपल्या मुलांशी आणि नातवांशी बोलावे; सर्वांत भरवशाची आणि सोपी शस्त्रक्रिया पुरुषाची आहे, हेही सांगावे. संकोच वाटेल. पण त्या संकोचाची किंमत आजवर घरातील स्त्रीच मोजत आली आहे.