मुतारीचा प्रश्न आणि दलित स्त्रीचा इतिहास

स्त्रियांच्या सुरक्षिततेवर परिसंवाद भरला की आपल्याकडील वक्ते दिवे, कॅमेरे, पोलीस आणि कराटे ह्यांविषयी बोलतात. गेल्या मार्चमध्ये आमच्या महाविद्यालयात असाच एक परिसंवाद झाला. मी इतिहास शिकवते. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उठून विचारले, “आपल्या बसस्थानकावरची बायकांची मुतारी किती वाजता उघडते?” सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्यांत माझे सहकारी प्राध्यापक होते, तसेच चळवळीत वाढलेले दोन कार्यकर्तेही होते. मागे बसलेल्या मुली मात्र हसल्या नाहीत.

त्या हशाला उत्तर म्हणून मी हा लेख लिहीत आहे. शहरात बाई सुरक्षित आहे की नाही, ह्याचा निवाडा आपण पोलीस चौकीत आणि न्यायालयात शोधतो. परंतु तो निवाडा त्याच्या कितीतरी आधी नळावर, संडासावर आणि नगरपालिकेच्या जमाखर्चात लागलेला असतो. दलित स्त्रीने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आणि चारचौघांत बोलूनही दाखवली. आपण तिचे बोलणे ‘लहान प्रश्न’ म्हणून बाजूला ठेवले, हे माझे दुःख आहे.

१

मी माझ्या घराण्यातील पहिली पदवीधर. आजी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून शहरात आली. आमची वस्ती रेल्वेच्या रुळांना लागून होती. वस्तीत संडास नव्हता. बायका पहाटे चारलाच टमरेल घेऊन निघत, तेही चार-पाच जणी मिळून. एकटीने जायचे नाही, हा वस्तीचा अलिखित कायदा होता. पलीकडून कोणी बॅटरीचा झोत टाकी, कोणी खडे मारी. गाडी आली की उठून उभे राहायचे, गेली की पुन्हा बसायचे. उजाडल्यावर मग अंधार पडेपर्यंत कळ काढायची. त्यासाठी पाणी बेताने प्यायचे. वस्तीतल्या कितीतरी बायकांना सदा उन्हाळी लागलेली असे. तो आजार आहे हेही आम्हांला ठाऊक नव्हते. बाईचा जन्म म्हटला की हे आलेच, एवढेच ठाऊक होते.

पुढे पैसे घेणारे सार्वजनिक शौचालय आले. तेथे पुरुषांना लघवीला पैसे पडत नसत. बाई आत शिरली की गल्ल्यावरचा माणूस रुपया मागे.

आई कंत्राटी झाडूवाली. सकाळी साडेसहाला हजेरी चौकीवर सही, मग दुपारपर्यंत रस्ता. त्या चौकीवर बायकांसाठी आडोसा नव्हता. शहर स्वच्छ ठेवणाऱ्या बाईला त्या शहरात बसायला जागा नव्हती. मी कॉलेजात असताना तिला विचारले, “तू तक्रार का करत नाहीस?” ती म्हणाली, “कुणाला सांगू? मुकादम बाप्या, साहेब बाप्या. त्याला काय सांगायचं, मला मुतायला जागा दे म्हणून?”

आईचे हे बोलणे मला पुढे इतिहासाच्या कागदांत पुन्हा भेटले, म्हणून ते येथे नोंदवले.

२

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ ह्या नियतकालिकात मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना धर्माला जाब विचारते. निबंधाचा हा भाग आपण पुष्कळदा सांगतो. परंतु त्याच निबंधात ती बाळंत होणाऱ्या बायकांविषयीही लिहिते. त्यांच्या घरावर छप्पर नसते, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात, असे ती सांगते. उघड्यावर पडलेले बाईचे शरीर हा समाजाच्या न्यायाचा प्रश्न आहे, हे तिने त्या वयात ओळखले. शहरी आणि नागरी मागण्यांचा आपला इतिहास लिहायचा झाला तर त्याचे पहिले पान येथून सुरू व्हावे असे मला वाटते.

दुसरे पान महाडचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे कागदावर तळे खुले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह चालत जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावे लागले. महाडचा सत्याग्रह आपण समतेचा संगर म्हणून स्मरतो, ते योग्यच आहे. पण तो नगरपालिकेचा एक न अमलात आलेला ठराव अमलात आणण्याचा लढा होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ठराव आणि पाणी ह्यांच्यामध्ये तीन वर्षांचे अंतर होते. आणि घरात पाणी कोण भरते? ज्या बाया मैलभर चालून हंडे आणीत, त्यांच्या डोक्यावर ते अंतर होते. त्याच वर्षी डिसेंबरमधील महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, ह्यालाही अर्थ आहे.

तिसरे पान नागपूरचे. २० जुलै १९४२ रोजी तेथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांपुढे भाषण केले. त्या परिषदेचे ठराव माझ्या विद्यार्थिनी वाचतात तेव्हा चकित होतात. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार स्त्रियांना रजा, इजा झाल्यास भरपाई, म्हातारपणी पेन्शन, मुलींसाठी वसतिगृहे, प्रतिनिधिक संस्थांत राखीव जागा, अशा त्या मागण्या. आणि गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांवर देखरेखीला बाईच नेमावी, ही आणखी एक मागणी. ‘मुकादम बाप्या, साहेब बाप्या’ हे माझ्या आईचे गाऱ्हाणे तिच्या जन्माआधीच ठराव होऊन बसले होते! कामाच्या जागी स्त्रीच्या छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा २०१३ साली झाला. नागपूरच्या बायकांनी त्या प्रश्नावर १९४२ साली बोट ठेवले होते. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले, म्हणून ह्या स्त्रिया आपल्याला नावानिशी भेटतात. एरवी आपल्याच चळवळीच्या इतिहासात त्या सभेतील गर्दी म्हणून उरल्या असत्या.

३

१९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा ह्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, १९८० साली मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. हा विजय मोठा आहे. परंतु कायदा घटना घडल्यानंतर धावून येतो. पहाटे चारला टमरेल घेऊन निघालेल्या बाईजवळ तो पोहोचत नाही. तिच्यासाठी हवा असतो संडास, त्यात पाणी, दाराला कडी आणि वाटेवर दिवा. ह्या चारही गोष्टी नगरपालिकेच्या अखत्यारीतल्या आहेत.

म्हणूनच मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेला मी फार महत्त्व देते. नाव ऐकून पुष्कळांनी नाके मुरडली. मागणी मात्र साधी होती: लघवीला पुरुषांना पैसे नाहीत, मग बायकांना का? ह्या भेदाचे मूळ बांधकामातच होते. पुरुषांची मुतारी वेगळी बांधलेली. बायकांना मात्र संडासाच्याच खोलीत जावे लागते, आणि संडासाला दर लावलेला. म्हणजे आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाई नव्हती. ती नसल्याचा दंड पुन्हा बाईनेच भरायचा! १९८९ पासून वस्त्यांत काम करणाऱ्या ‘कोरो’सह अनेक संस्था ह्या मोहिमेत एकत्र आल्या. मुमताज शेख ह्यांच्यासारख्या वस्तीतून पुढे आलेल्या कार्यकर्त्यांनी नेतृत्व केले. त्यांनी शौचालयांची पाहणी केली, पन्नास हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या, आणि ज्या शब्दाची लाज वाटावी असे आपल्याला शिकवले जाते तो शब्द महापालिकेच्या टेबलावर नेऊन ठेवला. माझ्या आईला जे मुकादमाला सांगता आले नाही, ते ह्या बायांनी आयुक्तांच्या कचेरीत सांगितले. माझ्या लेखी हा विद्रोहच आहे.

पुढे पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला. स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने मानले आणि राज्यातील महापालिकांना त्यासाठी योजना करण्यास सांगितले. म्हणजे कागदावर तळे पुन्हा खुले झाले. आता प्रश्न महाडचाच आहे: ठरावापासून पाण्यापर्यंत कोण चालणार?

४

येथे दोन गोष्टी आपल्याच माणसांना सांगितल्या पाहिजेत.

पहिली स्त्री-चळवळीतील मैत्रिणींना. संडास बांधा म्हणताना तो साफ कोण करणार, हेही त्याच अर्जात लिहा. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, तरी टाक्यांत आणि गटारांत माणसे मरतच राहिली. आणि मरणारा बहुधा कोणत्या जातीचा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. एका बाईच्या सन्मानासाठी दुसऱ्या बाईच्या नवऱ्याने टाकीत उतरावे, ही समता नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना. आमच्या वस्तीत वर्गणी काढून समाजमंदिर बांधले तेव्हा बायकांनी एका संडासाची मागणी केली होती. “पुढे बघू,” असे उत्तर मिळाले. समाजमंदिर उभे राहिले, संगमरवराचा चौथराही झाला. जयंतीला दिवसभर राबणाऱ्या बाया अजूनही शेजारच्या घराचे दार ठोठावतात. प्रस्थापितांच्या नगरपालिकेला आपण जो जाब विचारतो तो आपल्या दारातही विचारला पाहिजे. २०११ साली महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव झाल्या. त्या जागांवर आपल्या कितीतरी भगिनी निवडून आल्या आहेत. त्यांच्या पतींनी सभेत बोलावे आणि त्यांनी सही करावी, हे चालत असेल तर १९४२ च्या नागपूरपेक्षा आपण मागे गेलो असे म्हणावे लागेल.

परिसंवादानंतर मी माझ्या वर्गातील मुलींना एक काम दिले. बसस्थानकापासून महाविद्यालयापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढायचा. त्यावर मुतारी कोठे आहे, कुलूप कधी असते, पाणी आणि दिवा आहे का, पैसे किती घेतात, हे लिहायचे. त्यांनी कसून काम केले. एका मुलीने मात्र नकाशाच्या समासात वेळा लिहिल्या होत्या. सकाळी सहा: घरून निघते, पाणी पीत नाही. साडेबारा: तास संपतात, पाणी पीत नाही. दोन: घरी पोहोचते, पाणी पिते. मी तिला विचारले, “हे कोणी शिकवले?” ती म्हणाली, “आईने, मॅडम.”

तो नकाशा आणि माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आम्ही नगरपालिकेला दिला आहे. बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी गेल्या पाच वर्षांत किती रकमेची तरतूद झाली आणि किती खर्च झाला, एवढेच त्यात विचारले आहे. अर्जाखाली सदतीस मुलींच्या सह्या आहेत. अडतिसावी सही माझ्या आईची. ती आता काम करीत नाही. पण घराबाहेर पडायचे असले की अजूनही सकाळपासून पाण्याला शिवत नाही. प्रत्येक शहरातील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी असा एक नकाशा काढावा आणि असा एक अर्ज द्यावा, एवढी विनंती करून मी थांबते.