गोफण सुटण्याआधी

रोमच्या बोर्गेसे कलादालनात शिल्पकार बर्निनीचा दावीद आहे. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर चढलेल्या माणसाने गोफण फिरवावी, तसे त्याचे अंग पिळवटलेले आहे. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, भुवया आकसलेल्या, ओठ दातांखाली दाबलेले. शौल राजाने दिलेले चिलखत पायाशी टाकून दिले आहे. दगड अजून गोफणीतच आहे. आणि ज्याच्यावर तो सुटणार तो गल्याथ? तो शिल्पात कुठेच नाही. दावीदाची नजर जिथे रोखली आहे, त्या दिशेला, जवळजवळ आपल्या पाठीमागेच तो उभा असणार, एवढे आपल्याला कळते.

हा विषय इटलीला नवा नव्हता. दोनातेल्लोचा ब्राँझचा दावीद गल्याथच्या मुंडक्यावर पाय ठेवून उभा आहे. मायकेलअँजेलोने १५०४मध्ये पूर्ण केलेला दावीद खांद्यावर गोफण टाकून शत्रूचा अंदाज घेतो आहे. एकाची लढाई संपलेली, दुसऱ्याची सुरू व्हायची. १६२३-२४मध्ये पंचविशीतल्या बर्निनीने मधला क्षण पकडला. बरोक शैली ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण हीच आहे: घटना डोळ्यांदेखत चालू असते आणि पाहणाराही तिच्यात ओढला जातो.

बरोक म्हटले की बहुतेक जण सोन्याचा मुलामा, पंखवाले देवदूत आणि ढगांची दाटी शोधतात. ती खूण फसवी आहे. रोममध्येच सान लुइजी देई फ्रांचेसी या चर्चमध्ये काराव्हाज्जोचे 'मत्तयाला पाचारण' हे चित्र पाहावे. १५९९-१६०० सालचे हे चित्र बरोकच्या पहिल्या मोठ्या कृतींपैकी एक. त्याच्या वरच्या भागात रिकाम्या भिंतीपलीकडे फारसे काही नाही. खाली एका मेजाभोवती पाच जण बसले आहेत, पैसे मोजणे चालले आहे. कपडे येशूच्या काळातले नाहीत, चित्रकाराच्या काळातल्या रोमचे आहेत. टोपीला पीसही आहे. उजवीकडे अंधारात येशू उभा आहे, निम्मा पेत्राच्या आड. त्याचा हात तेवढा पुढे आला आहे आणि त्या हाताच्या वरून उजेडाचा एक तिरपा पट्टा भिंतीवर पडला आहे. चित्रात खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. तो उजवीकडून येतो. चर्चमधल्या ज्या छोट्या प्रार्थनागृहात हे चित्र आहे, तिथे उजवीकडे वेदी आहे आणि तिच्यावर खरी खिडकी. चित्रातला उजेड आणि खोलीतला उजेड असे एकाच बाजूचे केले, की चित्राची चौकट जाणवेनाशी होते.

काराव्हाज्जोचे एकही कच्चे रेखाटन आज उपलब्ध नाही. तो गडद तपकिरी अस्तरावर थेट रंगवत असे. ओल्या अस्तरात टोकदार वस्तूने ओढलेल्या जागा ठरवण्याच्या रेघा त्याच्या चित्रांत सापडतात. अस्तरच गडद असल्यामुळे सावली रंगवावी लागत नाही, ती आधीपासून असते. रंगवायचा असतो तो उजेड.

या सगळ्यामागे धर्मकारण होते. प्रोटेस्टंट सुधारकांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रांवर टीकेची झोड उठवली होती. कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३मध्ये, अगदी शेवटच्या बैठकीत, चित्रे-मूर्ती राहतील असे ठरवले. पण त्यांनी लोकांना शिकवावे आणि भक्तीकडे वळवावे, अशी अपेक्षाही ठेवली. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही भिडेल अशी कला त्यामुळे हवी होती. मात्र किती भिडावे, याला मर्यादा होती. त्याच प्रार्थनागृहासाठी काराव्हाज्जोने संत मत्तय अनवाणी, उघड्या पायांचा, खेडुतासारखा रंगवला, तेव्हा ते चित्र नाकारले गेले आणि त्याला दुसरे करून द्यावे लागले. नाकारलेले चित्र पुढे बर्लिनला गेले आणि १९४५मध्ये नष्ट झाले. आज त्याची फक्त कृष्णधवल छायाचित्रे उरली आहेत, ही मोठी हानी आहे.

काराव्हाज्जोचा तोच उजेड बर्निनीने दगडात आणला. १६४७ ते १६५२ या काळात घडवलेल्या त्याच्या संत तेरेसाच्या शिल्पावर मूर्तीमागच्या लपवलेल्या खिडकीतून प्रकाश पडतो आणि सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझ किरणांवरून खाली ओघळतो. बाजूच्या भिंतींवर, नाट्यगृहाच्या सज्ज्यात बसावेत तसे, देणगीदार कोर्नारो घराण्यातले पुरुष संगमरवरात बसलेले आहेत. बर्निनीचे हातकाम त्याआधीच्या 'प्लूटो आणि प्रोसर्पिना'मध्ये जवळून पाहावे. प्लूटोची बोटे तिच्या मांडीत रुतली आहेत आणि त्यांच्याभोवती संगमरवर खरोखरीच्या मांसासारखा दबला आहे. कातडी घासून गुळगुळीत केलेली, केसांच्या बटा सामत्याने खोल पोखरलेल्या. एकाच दगडात इतके वेगवेगळे पोत काढल्यामुळे त्यावर उजेड कुठे सरकतो, कुठे अडतो.

या परंपरेचा एक धागा जुन्या गोव्यापर्यंत येतो. बॉम जेझुस चर्चमधली संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी १६३०च्या दशकात घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चबुतरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची याची भेट; तो फ्लोरेन्सच्या जोव्हान्नी बातिस्ता फोज्जिनीने घडवला आणि १६९८मध्ये गोव्यात जोडून उभा राहिला. फोज्जिनी रोममध्ये एर्कोले फेर्राताच्या हाताखाली शिकला होता आणि फेर्राताने स्वतः बर्निनीच्या कामांवर हात चालवला होता. म्हणजे रोमची ही विद्या दोनच हातांतून मांडवीकाठी पोचली.

दर्शनाला आलेल्यांची नजर वर पेटीकडे लागलेली असते. पेटीवर संताच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या चौकटींत ओळीने मांडले आहेत, प्रत्येक प्रसंग आपल्या जागी नीट बसलेला. खाली चबुतऱ्यावरच्या फोज्जिनीच्या ब्राँझ फलकांत तेच आयुष्य वेगळे दिसते. प्रवचन, बाप्तिस्मा, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरचा मृत्यू. मागची माणसे जेमतेम उठावात, पुढची जवळजवळ फलकातून सुटून बाहेर आलेली, आणि सगळ्यांचा कल एकाच माणसाकडे. पेटी आणि फलक एकापाठोपाठ पाहिले, तर साठेक वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन कामांतला फरक तिथेच, उभ्या उभ्या कळतो.