‘मे’ची सत्ता, ‘शॅल’चे देणे

कॅन, मे, मस्ट, शॅल, विल ही इंग्रजीतली सहायक क्रियापदे आपण शाळेत शिकतो ती बहुधा पाठ करण्यापुरती. ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘मस्ट’ म्हणजे पाहिजेच. ‘शॅल’ हे मी आणि आम्ही यांच्यासाठी, बाकीच्यांना ‘विल’; आणि निर्धार दाखवायचा असेल तर याच्या उलट. हा शेवटचा नियम जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. तो पुढे पाठ्यपुस्तकांतून उतरत उतरत आपल्या गावच्या फळ्यापर्यंत आला. याच शब्दांनी आमच्या नवी मुंबईच्या जमिनीचा हिशेबही ठरवला, हे मात्र कोणत्याही वर्गात सांगितले जात नाही.

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही आणि वकीलही नाही. गेली काही वर्षे ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या गावांत भूसंपादनाचे जुने कागद वाचण्याचा छंद जडला आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या नोटिसा, निवाड्यांच्या नकला, सातबाऱ्याचे उतारे. हे वाचताना माझे लक्ष आकड्यांवरून हळूहळू क्रियापदांकडे वळले.

आधी शब्दांचे मूळ पाहू. ‘मे’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘मागान’ या क्रियापदातून आले. त्याचा अर्थ बळ असणे, समर्थ असणे. ताकद या अर्थाचा ‘माइट’ हा शब्द त्याच कुळातला. ‘शॅल’ आले ‘स्कुलान’पासून, म्हणजे देणे लागणे. जर्मन भाषेत कर्जाला आजही ‘शुल्ड’ म्हणतात, तो याचाच नातलग. थोडक्यात, ‘मे’ ही सत्ता आणि ‘शॅल’ हे देणे. बोलण्यातल्या इंग्रजीत हे अर्थ झिजून गेले. कायद्याच्या इंग्रजीत ते जवळजवळ तसेच राहिले. कायद्यात ज्याच्या नावापुढे ‘मे’ येते त्याला अधिकार मिळतो, ज्याच्या नावापुढे ‘शॅल’ येते त्याच्यावर कर्तव्य पडते.

आता आमची गोष्ट. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६चा. त्याच्या ११३व्या कलमानुसार राज्य सरकार एखादे क्षेत्र नवे शहर म्हणून नेमून देऊ शकते. तिथले क्रियापद ‘मे’. फेब्रुवारी १९७०मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि १९७१मध्ये तिला नव्या शहराची प्राधिकरण म्हणून नेमले गेले. नियोजित शहराच्या हद्दीत ९५ गावे होती. त्यांतली पनवेल आणि उरणकडची गावे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली.

जमीन घेतली गेली ती मात्र १८९४च्या भूसंपादन कायद्याने, आणि तो कायदा इंग्रजीत. त्याच्या ‘५ अ’ या कलमात शेतकऱ्याच्या वाट्याला ‘मे’ येते: अधिसूचनेपासून तीस दिवसांच्या आत त्याला हरकत घेता येईल. हरकत आली की जिल्हाधिकाऱ्याच्या वाट्याला ‘शॅल’: त्याने हरकतदाराचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. पुढे १७व्या कलमात, तातडीच्या प्रसंगी, सरकारच्या वाट्याला पुन्हा ‘मे’: ही सुनावणीच वगळण्याचा आदेश सरकारला देता येईल. एकाच कायद्यात दोघांना तोच शब्द मिळाला, पण शेतकऱ्याच्या ‘मे’ला तीस दिवसांची मुदत होती. १८व्या कलमातही तेच. मोबदला कमी वाटला तर प्रकरण न्यायालयाकडे पाठवा असा अर्ज त्याला करता येई. निवाड्याच्या वेळी तो हजर असेल तर सहा आठवड्यांत. आणि ३१व्या कलमाने आणखी एक अट घातली होती: ज्याने हरकत न नोंदवता पैसे उचलले, त्याला तो अर्ज करण्याचा हक्कच उरत नसे. पावतीवर ‘अंडर प्रोटेस्ट’ हे दोन शब्द आहेत की नाहीत, यावर शेताची किंमत ठरायची.

सरकारवरच्या ‘शॅल’ला मात्र बराच काळ मुदतच नव्हती. मोबदला ठरवताना न्यायालयाने पाहायचा तो पहिल्या अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव, हे कायद्याने बांधलेले. निवाडा किती वर्षांत करायचा हे मात्र १९८४पर्यंत मोकळे. त्यामुळे भाव १९७०चा आणि पैसे हाती पडायला पुढचे दशक, असे घडू शकले. देणे मान्य, पण फेडीची तारीख नाही!

जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासईच्या परिसरात, दास्तान फाटा आणि पागोटे येथे जे आंदोलन झाले, त्यात १६ आणि १७ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेने भूसंपादन कायद्यात देशभरासाठी मोठी दुरुस्ती केली. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा माझा हेतू नाही. पण दुरुस्तीतले ‘११ अ’ हे कलम व्याकरणाच्या दृष्टीने फार बोलके आहे. त्याने निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली आणि मुदत चुकली तर सगळी संपादन प्रक्रिया रद्द होईल, असे पुढे जोडले. जुन्या प्रकरणांना ही मुदत दुरुस्ती लागू झाल्यापासून मोजायची होती, म्हणजे सप्टेंबर १९८६पर्यंत. पनवेल-उरणकडचे कितीतरी निवाडे १९८६चे का दिसतात, याचे उत्तर मला या एका वाक्यात सापडले. जे काम साध्या ‘शॅल’ने झाले नव्हते, ते परिणाम सांगणाऱ्या ‘शॅल’ने करून घेतले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती त्यानंतर, १९९०मध्ये.

न्यायालयेही या दोन शब्दांचा अर्थ शब्दकोशावरून लावत नाहीत. १९५७च्या मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या ३२०व्या अनुच्छेदातले ‘शॅल’ केवळ मार्गदर्शक ठरवले. लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला नाही म्हणून सरकारची कारवाई रद्द होत नाही, असे म्हटले. उलट १९६७च्या खूब चंद खटल्यात, भूसंपादनाची सूचना गावात प्रसिद्ध करण्याबाबतचे ‘शॅल’ बंधनकारक ठरले; सूचना नाही तर संपादनही नाही. १९६३च्या जोगेंद्र सिंग खटल्यात तर ‘मे’ हेच बंधनकारक मानले गेले. ते अधिकाऱ्याला मिळालेल्या हक्काशी जोडलेले होते आणि हक्क खरा ठरायचा तर सरकारला मर्जी उरत नव्हती.

मग मराठीत काय होते? राजभाषा अधिनियम १९६४चा. तेव्हापासून शासकीय मराठीने एक पद्धत बसवली आहे: ‘शॅल’साठी ‘करील’, ‘मे’साठी ‘करता येईल’. ही विभागणी नेटकी आहे. पण गावच्या चावडीवर लागणारी नोटीस बहुधा वेगळ्याच रूपात बोलते: ‘हरकत असल्यास लेखी कळवावी.’ हा विध्यर्थ. शालेय व्याकरणच सांगते की विध्यर्थातून कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा असे सगळेच अर्थ निघतात. ‘मुलांनी लवकर उठावे’ आणि ‘देवा, पाऊस पडावा’ यांत रूप एकच. ‘कळवावी’ वाचणाऱ्याला ती विनंती वाटते, सल्ला वाटतो. हा तुमचा हक्क आहे आणि तो अमुक दिवशी संपतो, हे त्या ‘वे-वी’तून ऐकू येत नाही. मराठी येथे दुबळी नाही. ‘तुम्हाला हरकत घेता येईल, ती अमुक तारखेनंतर घेता येणार नाही’ हे वाक्य मराठीच आहे आणि कोणत्याही इंग्रजी कलमाइतके स्पष्ट आहे.

१८९४चा कायदा आता इतिहासजमा झाला. १ जानेवारी २०१४पासून नवा भूसंपादन कायदा लागू आहे. पण विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रातल्या गावांत नगररचना परियोजनांवर हरकती व सूचना मागवणाऱ्या नोटिसा निघतच असतात. कोणी अशी नोटीस माझ्याकडे आणली, की मी आधी क्षेत्रफळ पाहत नाही. क्रियापद शोधतो, त्याचा कर्ता कोण ते पाहतो, मग मुदत, आणि शेवटी मुदत चुकल्यास कोणाचे काय बुडते ते. बहुतेक वेळा नागरिकाचे काय बुडेल हे लिहिलेले असते. शासनाचे काय बुडेल हे ज्या वाक्यात लिहिलेले नसते, तिथले देणे आपल्यालाच पाठपुरावा करून वसूल करावे लागते.