मोठ्या मत्स्यालयासाठी सिक्लिड माशांची निवड

घरातील काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याचा छंद शहरांतून चांगलाच रुजला आहे. गोल्डफिश, गप्पी, मॉली यांच्यापासून सुरुवात करणारा हौशी माणूस काही वर्षांनी मोठी टाकी घेतो आणि त्याची नजर सिक्लिड माशांकडे वळते. तेजस्वी रंग, पिलांची काळजी घेण्याची वृत्ती आणि माणसाला ओळखू लागण्याइतकी तल्लखता यांमुळे हा मासा अल्पावधीत लळा लावतो. मात्र दुकानातून 'मिश्र सिक्लिड' म्हणून दोन-दोन इंचांची वीस-पंचवीस पिले एकाच पिशवीत आणली जातात आणि वर्षभरात त्यांतील चार-पाचच उरतात, असा अनुभव अनेकांना येतो. दोष माशांचा नसतो. एकमेकांशी कधीही गाठ न पडणाऱ्या जातींना एकाच टाकीत कोंडल्याचा तो परिणाम असतो.

एक कूळ, अनेक स्वभाव

सिक्लिडी या कुळात सतराशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका, मादागास्कर, पश्चिम आशियाचा काही भाग, भारत आणि श्रीलंका हा त्यांचा नैसर्गिक प्रदेश. टाकीत एकटाच राजासारखा वावरणारा ऑस्कर, चपट्या अंगाचा एंजल, नाजूक डिस्कस हे सारे याच कुळातले. उजनी जलाशयाच्या परिसरात 'चिलापी' या नावाने विकला जाणारा तिलापियाही सिक्लिडच. तो १९५२ साली भारतात आणला गेला. भारताचे स्वतःचे सिक्लिड मात्र तीनच. त्यांतील एक गोव्यात 'काळुंदर', तर केरळात 'करीमीन' म्हणून ओळखला जातो. त्याच्या शास्त्रीय नावात सुरत शहराचा निर्देश आहे. केरळने २०१० मध्ये त्याला राज्यमाशाचा दर्जा दिला.

इतक्या मोठ्या कुळातील जातींना केवळ 'सिक्लिड' हे एक नाव असल्यामुळे त्या एकत्र नांदतील, असे समजणे ही पहिली चूक. निवड करताना पाण्याचा गुणधर्म, माशाचा पूर्ण वाढीचा आकार, आहार आणि हद्द राखण्याची वृत्ती, अशा चार गोष्टी जुळवून पाहाव्या लागतात.

प्रथम पाणी

आफ्रिकेतील मलावी सरोवर सुमारे सातशे मीटर खोल आहे, तर टांगानिका जवळपास १,४७० मीटर. या दोन्ही सरोवरांचे पाणी क्षारयुक्त, कठीण आणि अल्कधर्मी आहे. मलावीतील माशांना ७.८ ते ८.५ पीएच मानवतो. टांगानिकातील माशांना त्याहून किंचित अधिक. याउलट अॅमेझॉनच्या खोऱ्यातील डिस्कस किंवा एंजल मृदू व किंचित आम्लधर्मी पाण्यात वाढलेले असतात. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते, तर मलावीच्या माशांना २४ ते २८ अंश पुरते. म्हणूनच डिस्कस आणि मलावीचे मासे एकत्र ठेवल्यास दोघांपैकी एकाचे आयुष्य निश्चितपणे कमी होते.

पावसावर भरणाऱ्या तलावांतून नळाला येणारे पाणी, जसे मुंबईचे, सामान्यतः मृदू असते. बोअरवेलचे पाणी बहुधा कठीण असते. त्यामुळे मासे ठरवण्याआधी घरच्या पाण्याचा पीएच आणि कठीणपणा चाचणी-संचाने तपासावा. मृदू पाण्यात आफ्रिकी सिक्लिड ठेवायचे असल्यास फिल्टरमध्ये प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा धुतलेला चुरा घालता येतो. खाण्याच्या मिठाचा येथे उपयोग नाही. त्याने कठीणपणा वाढत नाही आणि मलावीचे पाणी खारेही नाही. ज्यांना ही उठाठेव नको असेल, त्यांनी मृदू पाण्याला साजेसे दक्षिण अमेरिकी मासे निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते. पाण्याला मासा जुळवणे हे माशासाठी पाणी बदलत राहण्यापेक्षा सोपे असते.

टाकी आणि तिचे वजन

मध्यम आकाराच्या सिक्लिडांच्या समूहासाठी चार फूट लांबीची टाकी ही किमान मर्यादा मानावी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. काच, दगड आणि स्टँड धरून हा भार ९०० किलोच्या आसपास जातो. निवासी इमारतींच्या मजल्यांसाठी भारतीय मानकांनुसार साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो इतका वापराचा भार गृहीत धरलेला असतो आणि अशी टाकी उभी राहते ती जेमतेम १.१ चौरस मीटर जागेत. त्यामुळे वरच्या मजल्यावरील घरात ती खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईलगत भिंतीशी ठेवावी आणि त्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

सिक्लिडांच्या दृष्टीने टाकीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. हद्द आखली जाते ती तळावर. उंच आणि अरुंद टाकी दिवाणखान्यात शोभते, पण तिच्यात दुबळ्या माशाला पळायला वाव राहत नाही.

भांडण का होते?

सिक्लिड भांडतो तो मुख्यतः दोन कारणांनी, विणीची जागा आणि मादी. वर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरील १९६३ च्या ग्रंथात सिक्लिडांच्या वागणुकीचा आधार घेतला होता. शेजारी राग काढायला कोणी नसला की नर आपल्याच मादीवर धावून जातो, हे त्यांचे निरीक्षण हौशी मत्स्यपालकाला घरच्या टाकीतही पाहायला मिळते. मोठ्या टाकीत दोनच मासे सुखाने राहतील, हा समज त्यामुळे फसवा ठरतो.

नर आपल्यासारख्याच रंगाच्या आणि आकाराच्या माशाला प्रतिस्पर्धी समजतो. निळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या दोन भिन्न जाती एकत्र ठेवल्या, तर त्यांच्यात हाडवैर जुंपते. तेव्हा रंग आणि नक्षी यांत स्पष्ट भेद असलेल्या जाती घ्याव्यात. तोंडात अंडी उबवणाऱ्या मलावीच्या माशांत एका नरामागे तीन ते चार माद्या ठेवल्यास नराचा त्रास एकाच मादीला सोसावा लागत नाही. मादी सुमारे तीन आठवडे अंडी व पिले तोंडात बाळगते आणि त्या काळात जवळपास काही खात नाही. तिला लपायला जागा हवीच.

मलावीचे दोन गट

मलावी सरोवरात सिक्लिडांच्या सातशेहून अधिक जाती असल्याचे मानले जाते. मत्स्यपालनाच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पडतात. खडकांवरील शेवाळ खरवडून खाणारे 'म्बुना' हा पहिला. हे १० ते १३ सेंटिमीटरचे, चपळ आणि भांडखोर मासे. मोकळ्या पाण्यात व वाळूवर फिरणारे, 'हॅप' आणि 'पीकॉक' या नावांनी विकले जाणारे मासे हा दुसरा. ते तुलनेने शांत आणि बहुतांशी मांसाहारी असतात.

हे दोन गट वेगळे ठेवणे इष्ट. म्बुनांच्या रेट्यापुढे पीकॉकचा रंग फिका पडतो. आहारही जुळत नाही. शेवाळ पचवणाऱ्या म्बुनांचे आतडे लांब असते. त्यांना प्रथिनांनी भरलेला मांसाहार सतत मिळाला की पोट फुगण्याचा विकार जडतो आणि तो बहुधा जीवघेणा ठरतो. त्यांना स्पिरुलिनायुक्त खाद्य द्यावे.

सहा फुटी टाकीसाठी म्बुनांचा एक जमणारा संच असा : पिवळे लॅबिडोक्रोमिस आठ, जांभळट तपकिरी 'रस्टी' सहा, निळसर अंग व पिवळ्या परांचे 'एसई' आठ आणि निळ्या-काळ्या पट्ट्यांचे 'आफ्रा' सहा. पिवळ्याधमक अंगावर काळे पट्टे असलेला 'ऑराटस' पिलू असताना मोहात पाडतो. मोठा झालेला नर मात्र काळवंडतो आणि साऱ्या टाकीवर जरब बसवतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या गटातून केवळ नरांचा संच करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. वेगवेगळ्या रंगांचे बारा ते पंधरा नर, प्रत्येक जातीचा एकच. माद्या नसल्याने संघर्षाचे मूळ कारणच उरत नाही. मात्र व्हेनुस्टस किंवा तळावर मेल्याचे सोंग घेऊन लहान मासे पकडणारा लिव्हिंगस्टोनी हे २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात, हे पिलू घेतानाच ध्यानात ठेवावे.

टांगानिका आणि अमेरिका

टांगानिकातील जातींची संख्या सुमारे अडीचशे, पण त्यांच्या राहणीत विलक्षण वैविध्य आहे. रिकाम्या शंखांत घर करणारे, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचे मल्टिफॅसिएटस तळाला. मोकळ्या पाण्यात थव्याने फिरणारे सिप्रिक्रोमिस वरच्या थरात. खडकांच्या फटींत ज्युलिडोक्रोमिस. असे तीन थर वाटून दिल्यास कोणी कोणाच्या हद्दीत शिरत नाही. ब्रिकार्डीची जोडी मात्र बघता बघता सगळी टाकी आपल्या पिलावळीने व्यापते आणि इतरांना कोपऱ्यात रेटते.

दक्षिण अमेरिकी संचासाठी सहा एंजल, वाळू चाळत फिरणारे शांत स्वभावाचे सहा जिओफॅगस आणि एक-दोन सेव्हेरम पुरेसे आहेत. बारीक वाळू आणि पाण्यात मुरलेली लाकडे यांनी टाकी सजवावी. निऑन टेट्रासारखे इवले मासे मोठ्या एंजलचे भक्ष्य होतात. ऑस्कर तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. त्याला स्वतंत्र टाकी किंवा तोलामोलाचे सोबती हवेत. मध्य अमेरिकेतील कॉन्व्हिक्ट लहान असला तरी त्याची वीण घालणारी जोडी दुपटीने मोठ्या माशांनाही पिटाळून लावते.

फ्लॉवरहॉर्नचा उल्लेख करणे भाग आहे. हा नैसर्गिक मासा नव्हे. १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तो तयार झाला आणि कपाळावरील उंचवट्यामुळे भाग्यदायी मानला जाऊन घराघरांत पोहोचला. भाग्याचे काहीही असो, सहा फुटी टाकीतही त्याला एकट्यानेच ठेवणे योग्य.

मांडणी आणि क्रम

टाकी भरल्याबरोबर मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. आफ्रिकी सिक्लिडांच्या टाकीत याचे महत्त्व अधिक. सात पीएचला एकूण अमोनियापैकी विषारी रूपातील भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, साडेआठला तो पंधरा टक्क्यांच्या घरात जातो.

दगड वाळूवर न ठेवता तळाच्या काचेवर जाड प्लास्टिकचा पत्रा अंथरून त्यावर रचावेत आणि मग वाळू भरावी. हे मासे वाळू उकरतात; पाया ढिला झाला की दगड कोसळतो आणि काच फुटते. कपारी अशा हव्यात की प्रत्येकीला दोन वाटा असतील.

शांत जाती आधी, भांडखोर शेवटी, हा सोडण्याचा क्रम. शक्य तो सर्व मासे लहान आणि सारख्या आकाराचे असावेत. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून रोगमुक्त असल्याची खात्री करावी. तो सोडताना दगडांची जागा बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. म्बुनांची संख्या थोडी अधिक ठेवल्यास राग विभागला जातो, पण मग फिल्टर दुप्पट क्षमतेचा लागतो आणि आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी, म्हणजे पावणेदोनशे ते दोनशे लिटर, बदलावे लागते. पाणीकपातीच्या दिवसांत हे जमेल का, याचा विचार आधीच व्हावा. काढलेले पाणी कुंड्यांना उत्तम खत ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन औषधाने निष्प्रभ केल्याखेरीज ते टाकीत घालू नये. वीज गेली की दाटीच्या टाकीतील प्राणवायू काही तासांत घटतो. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असावा.

संकर आणि सुटका

पिवळा लॅबिडोक्रोमिस आणि रेड झेब्रा एकत्र ठेवल्यास त्यांचा सहज संकर होतो. निरनिराळ्या पीकॉक जातींच्या माद्या तर एकमेकींपासून ओळखूही येत नाहीत. अशी पिले दुकानात देणे म्हणजे पुढच्या ग्राहकाची फसवणूक. काही जातींच्या बाबतीत हा प्रश्न केवळ हौसेपुरता राहिलेला नाही. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा शिकारी मासा सोडला गेला. पुढच्या काही दशकांत तेथील सिक्लिडांच्या शेकडो जातींची वाताहत झाली. त्यांतील काही जातींचे वाण आता प्रामुख्याने मत्स्यालयांतूनच जपले जात आहेत.

नको झालेला मासा तलावात किंवा नदीत 'सोडून देणे' ही दया नव्हे. तिलापियाने देशभरातील जलाशयांत केलेला पसारा डोळ्यांसमोर आहे. फ्लॉवरहॉर्नसारखा आक्रमक संकर स्थानिक माशांची अंडी-पिले फस्त करतो. जास्तीचे मासे दुसऱ्या पालकाला किंवा दुकानदाराला द्यावेत आणि तशी सोय होणार नसेल, तर माद्या न ठेवणेच बरे. दहा वर्षे जगणारा जीव घरात आणताना त्याच्या पूर्ण वाढीचे माप टाकीच्या लांबीशी पडताळून पाहिले, तर पिशवीभर पिलांतून चार-पाचच उरण्याची वेळ येत नाही.