न सांगितलेले विधान

वादात माणसे तावातावाने भांडतात ती बोललेल्या वाक्यांवरून. खरा मतभेद बहुधा कोणी न बोललेल्या विधानावर असतो. ते विधान म्हणजे गृहीतक. स्पर्धापरीक्षांच्या कृपेने ‘विधान व गृहीतके’ हा प्रश्नप्रकार आपल्याकडे तालुक्याच्या अभ्यासिकेपर्यंत पोचला आहे, पण तिथे तो गुणांच्या हिशोबात आटोपतो. विषय त्याहून जुना आहे आणि बराच गोडही.

गृहीतक सांगितले नाही म्हणजे बोलणाऱ्याने लबाडी केली, असे समजू नये. ॲरिस्टॉटल वक्तृत्वावरील ग्रंथात म्हणतो की अमका ऑलिंपिक जिंकला एवढे सांगितले की पुरे. तिथे मुकुट मिळतो हे सगळ्यांना ठाऊकच असते. सगळे सांगत बसलो तर बोलणे कधी संपायचेच नाही. लुईस कॅरलने १८९५ साली कासव आणि अकिलीस यांच्या संवादातून या न संपणाऱ्या माळेची मजा दाखवली आहे.

म्हणून प्रश्न उरतो तो नेमके कोणते गृहीतक शोधायचे हा. एक युक्तिवाद घेऊ. ‘गावात सीसीटीव्ही बसवले. त्यानंतर पोलीस ठाण्यात चोरीच्या नोंदी कमी झाल्या. म्हणजे कॅमेऱ्यांनी चोरांना धाक बसवला.’ नवशिका लगेच लिहितो: ‘कॅमेरे असतील तिथे चोरी होतच नाही.’ एवढे मोठे विधान या युक्तिवादाला लागतच नाही. चार चोऱ्या झाल्या तरी धाक बसलेला असू शकतो. दुसरा लिहितो: ‘कॅमेरे स्वस्तात मिळाले.’ याचा तर संबंधच नाही. आता हे पाहा: ‘नोंदी घटल्या त्या चोऱ्या घटल्यामुळे.’ हे नाकारून बघा. चोऱ्या तेवढ्याच झाल्या, लोकच तक्रार द्यायला गेले नाहीत, असे समजा. युक्तिवाद जागच्या जागी कोसळतो. नाकारल्यावर निष्कर्षाचा आधारच जातो, ते गृहीतक आवश्यक. त्याच काळात रात्रीची गस्त वाढली का, ही दुसरी फट तुम्हाला एव्हाना दिसली असेल. मात्र सापडलेले गृहीतक खोटेच असते असे नाही. ते तपासणे हे पुढचे, वेगळे काम. परीक्षेची पुस्तके हा फरक फार घाईने उरकतात.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, युक्तिवादातली हीच फट अधिक बारकाईने पाहिली. धुरावरून अग्नीचे अनुमान चालते. अग्नीवरून धुराचे चालत नाही. लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? अग्नीबरोबर ओले सरपण असेल तरच धूर निघतो. ही न सांगितलेली अट म्हणजे ‘उपाधी’. धूर असेल तिथे ती असतेच, पण अग्नी असेल तिथे ती असेलच असे नाही. एवढ्या नेमक्या लक्षणामुळे अनुमानातला दोष कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येते. मीमांसकांचा देवदत्तही ओळखीचा: दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ, म्हणजे रात्री जेवत असणार. मीमांसक याला अर्थापत्ती नावाचे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानतात, नैयायिक त्याला अनुमानातच बसवतात. वाद शतकानुशतके चालला. पण न जेवता कोणी लठ्ठ राहत नाही, हे दोघेही धरूनच चालतात!

स्टीफन टूलमिनने १९५८ साली पुरावा आणि दावा यांना जोडणाऱ्या विधानाला वेगळे स्थान दिले, तेव्हापासून पाश्चात्त्य अभ्यासही औपचारिक तर्काच्या चौकटीबाहेर, रोजच्या वादांकडे अधिक वळला. टूलमिन वाचावाच. पण मराठी वाचकाने सुरुवात घरातून करावी, असे माझे मत आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा ग्रंथ अगदी आटोपशीर आहे, आणि यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांची १८९७ची मुंबईची आवृत्ती इंग्रजी टिपांसह आहे. त्यातले अनुमानाचे प्रकरण आधी वाचा, आणि शेजारी आजच्या वर्तमानपत्रातला तुम्हाला पूर्ण पटलेला अग्रलेख ठेवा.