प्रसूतीनंतरच्या तीन रात्री : स्तन्यप्रवर्तनाविषयी प्राचीन वैद्यकातील दोन पक्ष

नवजात अर्भकाच्या मुखी प्रथम काय घालावे, हा प्रश्न आपल्याकडे केवळ रूढीचा मानला जातो. वस्तुतः प्राचीन वैद्यकातही त्याविषयी मतभेद आढळतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात असे प्रतिपादन आहे की, प्रसूतीनंतर हृदयस्थ धमन्या विवृत होतात आणि तीन वा चार रात्रींनी स्तन्य प्रवृत्त होते. म्हणून पहिल्या दिवशी अनंतामिश्रित मध व तूप, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी लक्ष्मणा वनस्पतीने सिद्ध केलेले तूप द्यावे, असा क्रम तेथे सांगितला आहे. तोवर स्तनपान वर्ज्य होय. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात बहुतांशी हाच मार्ग अनुसरला आहे. उलट चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात मंत्रपूत मधुघृत चाटविल्यावर लागलीच उजवा स्तन प्रथम द्यावा, असे विधान आहे. तीन रात्रींच्या प्रतीक्षेचा तेथे उल्लेख नाही.

आधुनिक शरीरविज्ञानाच्या प्रकाशात पाहता सुश्रुताचे निरीक्षण यथार्थ ठरते. वार बाहेर पडताच मातेच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते, प्रोलॅक्टिनचे कार्य निर्बंधमुक्त होते आणि सामान्यतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दूध भरून येते. विशेष हे की, हा आरंभ बालकाच्या चोखण्यावर अवलंबून नसतो. तीन दिवस मूल दूर ठेवले तरी दूध येतेच. त्यामुळे या प्रतीक्षेत काही हानी आहे, असे प्राचीन वैद्याला भासण्याचे कारण नव्हते. निरीक्षण अचूक होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सदोष होता.

कारण आरंभ आणि सातत्य या दोन भिन्न गोष्टी होत. दूध एकदा आल्यावर ते जितके काढले जाते तितकेच पुढे निर्माण होते. स्तन भरलेले राहिल्यास उत्पत्ती मंदावते. पहिल्या आठवड्यांत वारंवार पाजण्याचे महत्त्व येथेच आहे. शिवाय तीन रात्री नाकारला जाणारा चीक प्रमाणाने अल्प असला, तरी रोगप्रतिबंधक द्रव्यांनी समृद्ध असतो. मधाविषयी सांगावयाचे तर, त्यातील बीजाणूंमुळे अर्भकांना बॉट्युलिझम होऊ शकतो, असे 1976 नंतर स्पष्ट झाले असून एक वर्षाच्या आतील मुलास तो निषिद्ध मानला जातो.

तथापि सुश्रुताला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळे स्तन्यनाश होतो, हे त्याच अध्यायात नमूद आहे. उपाय सांगताना शतावरी, विदारीकंद, लसूण, दुध्या भोपळा इत्यादींची यादी येते खरी, परंतु त्या यादीपूर्वी मातेचे सौमनस्य साधावे, असे सांगितले आहे. (चरकाच्या स्तन्यजनन दशकात शतावरी नाही, तेथे वाळा, दर्भ, कुश, काश आदींची मुळे आहेत.) निदानस्थानात तर अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, केवळ स्मरणानेही स्तन्य स्रवते आणि अखंड स्नेह हाच त्याचा हेतू होय, असे म्हटले आहे.

या विधानाला प्रायोगिक आधार 1948 मध्ये लाभला. अमेरिकेतील नाइल्स व मायकेल न्यूटन या दांपत्याने दाखविले की, स्तनपानसमयी मातेचे चित्त विचलित केल्यास बालकास मिळणारे दूध घटते आणि ऑक्सिटोसिन टोचल्यास ते पुष्कळ अंशी पूर्ववत होते. दूध तयार होणे आणि दूध सुटणे या पृथक क्रिया आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. मराठीत हा भेद पूर्वीपासून आहे. दुसऱ्या क्रियेला आपण ‘पान्हा फुटणे’ म्हणतो, आणि ‘पान्हा’ हा शब्द संस्कृत ‘प्रस्नव’ यापासून आलेला आहे.

सारांश, चीक टाकून देण्याच्या रूढीला परंपरेचा एकमुखी आधार होता, असे म्हणता येत नाही. पहिल्याच दिवशी बालकाला स्तनाशी धरण्याचा आदेशही त्याच परंपरेत, चरकाच्या वचनात, तितक्याच प्राचीन काळापासून उपलब्ध होता. रूढीने त्या दोहोंपैकी एकच वचन जवळ केले, आणि त्याचे मोल अर्भकांना द्यावे लागले.