फॉर्म १६ मिळाला नाही? तरी रिटर्न भरता येतं

जून संपत आला की मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवलीतल्या बऱ्याच घरांत एकच तक्रार ऐकू येते. कंपनीने फॉर्म १६ दिलाच नाही. कुणी नोकरी सोडलेली असते आणि जुन्या ऑफिसात फोन उचलत नाहीत, कुणाचा कारखानाच बंद झालेला असतो. मग "कागद नाही तर राहू दे" म्हणून विषय सोडून दिला जातो आणि पगारातून कापलेला पैसा परत मिळायचा असला तरी सरकारकडेच पडून राहतो.

फॉर्म १६ हा मालकाचा दाखला आहे: इतका पगार दिला, त्यातून इतका टॅक्स कापला. रिटर्नसोबत तो जोडावा लागत नाही. टॅक्स कापला असेल तर १५ जूनपर्यंत हा दाखला देणं मालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास दिवसाला ५०० रुपये दंड होऊ शकतो. टॅक्स कापलाच नसेल तर दाखल्याची सक्ती नाही, आणि आपल्याकडच्या पुष्कळ नोकरदारांचं नेमकं हेच असतं. तेव्हा आधी पगारपत्रकावर टीडीएसचा रकाना बघा.

आता कामाला लागू. आयकर खात्याच्या ई-फायलिंग साइटवर पॅन आणि पासवर्डने आत गेलं की दोन कागद मिळतात, फॉर्म २६एएस आणि एआयएस. कोणत्या मालकाने तुमच्या पॅनवर किती टॅक्स जमा केला ते २६एएसमध्ये दिसतं, मालकाचा टॅन नंबरही तिथेच असतो. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा आजूबाजूच्या कारखान्यांचंही नुकसान झालं होतं. अशा वेळी ऑफिसातली फाइल जाते, पण पॅनवरची नोंद जात नाही. जानेवारी ते मार्चचा हिशेब मालक ३१ मेपर्यंत भरतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये २६एएस अर्धवट दिसेल. जूनचा मध्य उलटू द्या.

२६एएसमध्ये कलम कोणतं आहे तेही बघा. पगारावरचा टॅक्स १९२ खाली दिसतो. काही दवाखाने, क्लासेस आणि लहान कंपन्या माणसाला नोकरीवर ठेवतात पण कागदावर 'कन्सल्टंट' दाखवून १९४जे खाली टॅक्स कापतात. तसं असेल तर फॉर्म १६ कधीच येणार नाही, १६ए येईल. ते उत्पन्न पगार म्हणून आयटीआर-१ मध्ये दाखवू नका; त्यासाठी आयटीआर-३ किंवा ४ लागतो.

सगळ्यात जास्त चूक पगाराच्या आकड्यात होते. बँकेत जमा झालेली रक्कम म्हणजे पगार नव्हे. समजा डोंबिवलीतल्या एका कामगाराचा महिन्याचा एकूण पगार ४८,००० आहे. त्यातून पीएफ १,८००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) आणि टीडीएस १,००० जातो. वर्षभरात बँकेत ५,३९,९०० येतात, पण रिटर्नमध्ये ५,७६,००० लिहायचे. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ५,०१,००० उरतात. या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे टॅक्स शून्य होतो. म्हणजे कापलेले १२,००० परत मिळायला हवेत, पण रिटर्न भरलं तरच.

पगारपत्रकं नसतील तर बँक स्टेटमेंट, नियुक्तीपत्र आणि पीएफचं पासबुक यांवरून हिशेब बांधता येतो. पासबुक यूएएन नंबरने ऑनलाइन निघतं. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्हीकडचा पगार दाखवायचा. जुनं विसरलात तरी एआयएसमध्ये ते दिसतंच.

आपल्याकडे बरेच जण बँकेचं व्याज स्वतःचं मानत नाहीत, सवाबची नियत न ठेवता ते गरजूंना देऊन टाकतात. तो दीनचा मामला झाला. आयकर कायद्याच्या लेखी मात्र ते व्याज खातेदाराचंच उत्पन्न आहे, मग पुढे ते कुठेही जावो. एआयएसमध्ये ती रक्कम असते. ती लिहाच.

जुनी करपद्धत घेणाऱ्यांसाठी घरभाड्याबद्दल थोडं. ऑफिस मुंबईत आणि घर मुंब्र्यात किंवा कल्याणला असेल तर २०२५-२६ साठी एचआरएची मर्यादा मूळ पगार व महागाई भत्त्याच्या ४० टक्के धरायची, ५० नाही. घर कुठे आहे ते बघितलं जातं. हेवी डिपॉझिटवर राहत असाल तर भाडं दिलेलंच नसतं, मग एचआरएची सूटही नाही. जुनी पद्धत मुदतीत रिटर्न भरणाऱ्यालाच निवडता येते.

खरी अडचण पुढची आहे. पगारपत्रकावर टॅक्स कापलेला दिसतो, पण २६एएसमध्ये तो नाहीच किंवा कमी आहे, म्हणजे मालकाने कापला आणि भरला नाही. इथे आयकर कायद्याचं कलम २०५ कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे: जितका टॅक्स कापला गेला तितका पुन्हा त्याच्याकडून मागता येत नाही. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असाच निकाल दिला. तो २९३ आयटीआर ५३९ या क्रमांकावर छापलेला आहे, सीएला तेवढं सांगितलं तरी पुरे. १ जून २०१५ ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही अशा वेळी सक्तीची वसुली करू नये असं अधिकाऱ्यांना कळवलं.

म्हणून कापलेल्या पूर्ण टॅक्सचा दावा करा आणि पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट जपून ठेवा. मागणीची नोटीस आली तर गप्प बसू नका. साइटवरच 'मागणी मान्य नाही' असं उत्तर देऊन कारण लिहा. मालकाला ईमेल आणि पोचपावतीच्या रजिस्टर्ड पत्राने कळवा, त्याची प्रत ई-निवारणवरच्या तक्रारीत लावा. एक मात्र खरं सांगायला हवं: कलम २०५ मागणी अडवतं, पण न भरलेल्या टॅक्सचा रिफंड मिळवणं त्याहून अवघड आहे.

स्टेशनबाहेर "फॉर्म १६ नको, रिफंड काढून देतो" म्हणणारे भेटतात. ते खोटी देणगी, खोटा विमा दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा दलालांवर महाराष्ट्रासह अनेक राज्यांत १५० ठिकाणी कारवाई केली. दलाल पैसे घेऊन जातो, रिटर्न तुमच्या पॅनवर असतं. उत्पन्न चुकीचं दाखवल्यास टॅक्सच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे, तरी मार्च २०२६ पर्यंतच्या पगाराला १९६१ चाच कायदा लागू आहे. आयटीआर-१ ची मुदत ३१ जुलै. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० आणि त्याहून जास्त असेल तर ५,००० रुपयांपर्यंत लेट फी लागते. रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात.